दहा मिलिमीटर काचेवर चौतीस किलो

४ जानेवारी, रविवार

कंपनीकडून मिळणारी डायरी दरवर्षी माझी बायको रिचेल पळवते आणि तिच्यात नवऱ्या मुलींची मापं लिहिते. यंदा तिच्या हाती लागण्याआधीच मी पहिल्या पानावर माझं नाव घातलं. सातिवलीच्या प्लास्टिक कारखान्यात अकरा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. रोज दुसऱ्यांच्या चुका नोंदवतो. स्वतःच्या घरातल्या घडामोडींची नोंद कुठेच नाही, हे बरोबर नाही.

पप्पा आमच्याकडे राहायला येऊन आज तीन आठवडे झाले. बावन्न वर्षं पाचूबंदरहून होडी घेऊन समुद्रात जाणारा माणूस. गुडघे गेले, होडी विकली, आणि आता आमच्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीची भिंत बघतो. होडी विकली ती मला न विचारता. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? बारा वर्षांचा असताना एकदाच त्यांच्याबरोबर गेलो होतो. जाताना ओकलो, येताना रडलो. त्यानंतर त्यांनी मला कधी चल म्हटलं नाही.

आज चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर ते बराच वेळ गप्प होते. त्यांना समुद्राची आठवण येते, दुसरं काय. रिचेल म्हणाली, "टीव्हीचा रिमोट सापडत नाहीये म्हणून गप्प आहेत." तिला या गोष्टी कळत नाहीत.

माझा निर्णय झाला. ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर जन्मभर पाणी होतं, त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा पाणी हवं. हॉलमध्ये फिश टँक. मोठा.

रिचेलने विचारलं, "त्यांना विचारलंस?"

सरप्राइज विचारून देत नाहीत.

१० जानेवारी, शनिवार

टँक आला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तळाची काच दहा मिलिमीटर, बाजूच्या आठ. विरारला फुलपाड्यात विघ्नेश नावाचा माणूस स्वतः बनवतो, त्याच्याकडून घेतला. दोन माणसांनी जिन्यावरून चढवला. तेव्हा मी पुढे चालत वळणावळणावर "सावकाश" म्हणत होतो. दुसऱ्या वळणावर विघ्नेश म्हणाला, "काका, तुम्ही वर जाऊन थांबा ना." मी त्याच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा असेन.

हॉलमध्ये जागा करणं अवघड होतं. रिचेल घरीच लग्नाचे गाऊन शिवते, आणि राखेच्या बुधवारनंतर ईस्टरपर्यंत लग्नं नसतात, त्यामुळे सध्या तिची घाई चालू आहे. एका भिंतीला तीन पांढरे गाऊन टांगलेले, मधे डोकं नसलेला पुतळा. टँक नेमका त्यांच्या समोरच्या भिंतीला बसला. रिचेलने आधी गाऊनकडे बघितलं, मग टँककडे, मग माझ्याकडे.

पप्पांनी काचेवर बोटाने टकटक केली.

"यात काय टाकनार?"

"मासे, पप्पा."

"किती मानसांचे?"

समजावून सांगितलं की खायचे नाहीत, बघायचे आहेत. ते "बरं" म्हणाले आणि मालिका बघायला बसले. भावना दाखवायची त्यांना सवय नाही.

१४ जानेवारी, बुधवार

कारखान्यातून येताना मनात एकदम आलं: नुसत्या माशांनी काय होणार? टँकमध्ये त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी हवं. होडी तर गेली. पण आमच्या पाचूबंदरच्या जुन्या घराशेजारी कमळी मावशीच्या अंगणात भोक पाडलेला एक काळा दगड मी लहानपणापासून पाहतोय. पूर्वी होडीच्या नांगराला असेच दगड असत. म्हणजे तो पप्पांचाच.

१८ जानेवारी, रविवार

दगड आणला. कमळी मावशी सत्तरीची आहे, अजून सकाळी बाजारात मासे विकायला बसते. मी म्हटलं, "मावशी, पप्पांच्या होडीचा दगड न्यायला आलोय." तिने तोंडाला पदर लावला. तिला भरून आलं असावं. मग ती म्हणाली, "ने बाबा ने. तुझ्या बापाला, पास्कलला सांग, कमळीनं आठवन काढली." दोघांनी मिळून तो रिक्षात ठेवला तेव्हा रिक्षा एका बाजूला कलली.

घरी आणून हॉलच्या मधोमध ठेवला आणि पप्पांना बोलावलं. मी म्हणालो, "पप्पा, तुमच्या नांगराचा दगड. आता हा कायम तुमच्या डोळ्यांसमोर राहील."

पप्पा दगडाकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीला हात टेकला. खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी आलेलं मी स्वतः पाहिलं. मी पटकन आत गेलो. वडिलांना असं बघणं बरं नाही. स्वयंपाकघरात मलाही जरा गलबलून आलं.

वजन: मी दगड घेऊन काट्यावर उभा राहिलो, मग दगडाशिवाय. फरक चौतीस किलो.

दहा मिलिमीटर काचेवर चौतीस किलो. आता माझी झोप उडाली.

२० जानेवारी, मंगळवार

विघ्नेशला फोन केला. प्रश्न लिहून ठेवले होते.

"विघ्नेश, तळाची काच चौतीस किलोचा दगड पेलेल का?"

"आरामात. काका, ती काच अडीचशे लिटर पाणी पेलणार आहे. वजनाने काच नाही फुटत, टोकाने फुटते. दगडाखाली थर्माकोल घाला, मग दगड आडवा झोपवा, आणि वाळू नंतर घाला. वाळूवर दगड नाही ठेवायचा."

"का?"

"तुम्ही ऑस्कर मासे सांगितलेत ना? ते वाळू उकरतात. खालची वाळू गेली की दगड पडतो. आणि उभा तर ठेवूच नका, पुढच्या काचेवर आला तर खेळ खलास."

मी "धन्यवाद" म्हटलं. माणूस चांगला आहे, पण तो विकणारा आहे. विकणारा "आरामात" म्हणतो तेव्हा लेखी पुरावा लागतो. शिवाय आडवा का ठेवायचा? स्मारक कधी आडवं असतं का?

२२ जानेवारी, गुरुवार

खालच्या मजल्यावरचे दिनानाथ वर आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले, हातात छोटी वही. आमच्या हॉलच्या बरोब्बर खाली त्यांचा हॉल आहे.

"नेल्सनभाऊ, पाणी अडीचशे किलो, काच पन्नास, दगड चौतीस, स्टँड धरून पावणेचारशे. माझ्या सोफ्यावर पावणेचारशे किलो."

"तुमच्या सोफ्यावर नाही, मधे स्लॅब आहे."

"मी आयुष्यभर बंधारे बघितलेत. मधे काहीतरी असतंच."

सगळ्या इमारतीत सुरक्षिततेची जाण असलेला हा एकच माणूस. मी त्यांना आत बसवलं, टँक भिंतीला लागून का ठेवला, तुळई कुठे आहे, सगळं दाखवलं. त्यांचं समाधान झालं नाही, पण माझ्याबद्दल आदर वाढलेला दिसला. जाता जाता पप्पांची ओळख झाली. दिनानाथांनी विचारलं, "पत्ते खेळता का?" पप्पा लगेच उठले. सभ्यपणा म्हणून असेल.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टीचा फायदा घेतला. लोड टेस्ट आणि मॉक ड्रिल, दोन्ही.

लोड टेस्ट: कारखान्यात रॅकवर नेहमीच्या वजनाच्या सव्वापट वजन ठेवून बघतो. चौतीसच्या सव्वापट साडेबेचाळीस. रिकाम्या टँकमध्ये तांदळाची पंचवीस किलोची गोण, गव्हाच्या पिठाचा दहा किलोचा डबा, साखर पाच, डाळी अडीच. चोवीस तास ठेवणं आवश्यक. दुपारी रिचेलला भात लावायचा होता.

"तांदूळ कुठे आहे?"

"टेस्टिंगमध्ये."

तिने स्टूल घेतलं, टँकवर वाकून दोन वाट्या तांदूळ काढले आणि म्हणाली, "आता बेचाळीस किलो लिही." मी लिहिलं. नोंद खरी हवी. जेवताना पप्पांनी सांगितलं की भात चांगला झालाय, काचेचा वास येत नाही.

मॉक ड्रिल: टँक फुटल्यास काय करायचं याचा सराव. मी शिट्टी वाजवायची, रिचेलने तिन्ही गाऊन बेडरूममध्ये न्यायचे, पप्पांनी बाल्कनीचं दार उघडायचं. निकाल: रिचेल, एक मिनिट दहा सेकंद, पैकी चाळीस सेकंद माझ्याशी वाद. पप्पा, जागेवरून हलले नाहीत, म्हणाले, "फुटल तेव्हा उठीन."

टँकसमोर जमिनीवर काळी-पिवळी पट्टी चिकटवली. गाऊनच्या मापाला आलेल्या मुलीने विचारलं, इथे बूट काढायचे का.

३० जानेवारी, शुक्रवार

पप्पा रोज दुपारी तीन ते सहा खाली जातात. रिचेलने सांगितलं. मी कारखान्यात असतो म्हणून मला माहीत नव्हतं. म्हणजे ते दिनानाथांच्या छताला तडे जातात का, हे बघायला जातात! टँक अजून रिकामा आहे तरी. मला सांगितलंसुद्धा नाही. मला काळजी वाटू नये म्हणून. सावधपणा माझ्यात कुठून आला ते आज कळलं.

१ फेब्रुवारी, रविवार

आज दगड टँकमध्ये गेला. मी हेल्मेट, हातमोजे आणि तीन पानांची कार्यपद्धती तयार ठेवली होती. दोघांनी दगड वाकून आत ठेवायचा, म्हणजे एकतर माझी पाठ जाणार, नाहीतर काच. पप्पा बघत होते. मग म्हणाले, "आधी पानी भर."

"आधी दगड, मग पाणी, पप्पा. इथे लिहिलंय."

"पानी भर रे. अर्धं."

भरलं. पप्पांनी तळाशी थर्माकोलचा तुकडा सरकवला, त्यावर जुन्या जाळ्याची घडी दाबून बसवली. दगडाच्या भोकातून दोरी ओवून कसलीशी गाठ मारली. आम्ही दोघांनी दगड काठापर्यंत उचलला. तिथून पुढे त्यांनी मला हात सोडायला सांगितलं. दगड पाण्यात शिरला आणि त्यांच्या मनगटांवरचा ताण कमी झालेला मला दिसला.

"पान्यात दगड हलका होतो. नायतर रोज नांगर कोन उचलनार? तुझी आय?"

काहीही आवाज न होता दगड तळाशी आडवा झोपला. एका ओढीत गाठ सुटून दोरी वर आली. मग त्यांनी भोवती वाळू सोडली. माझी कार्यपद्धती टेबलावरच राहिली. मी थक्क झालो होतो, पण "छान" म्हणायचं राहून गेलं. ते हात पुसत मालिकेसमोर बसलेसुद्धा.

८ फेब्रुवारी, रविवार

पाणी आठवडाभर स्थिर ठेवलं, आज मासे सोडले. दोन ऑस्कर, वीतभर लांब, काळ्यावर नारिंगी. पप्पा म्हणाले, "तळायला बरे हायेत," पण खाणं त्यांनीच टाकलं.

फक्त एकच खटकतं. आडवा पडलेला दगड दगडासारखाच दिसतो. भोक वरच्या बाजूला, कोणाला दिसत नाही. आलेला माणूस विचारणार कसा की हा कुठला? आणि मग मी सांगणार कसा?

पप्पा दुपारी खाली गेल्यावर मी दगड उभा केला. पाण्यात खरंच हलका लागतो. तळाच्या थर्माकोलवरून जरा मागे सरकवून वाळूत रोवला, मागून लहान दगडाचा टेकू दिला. एका हाताने जोर लावून पाहिलं, हलला नाही. सुंदर दिसतो. भोकातून एक ऑस्कर आरपार गेला.

पप्पांनी आल्यावर टँककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "उभा हाय?"

"असाच छान दिसतो."

"हं."

पसंत पडलेला दिसतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑस्कर फार खेळकर आहेत. तोंडात वाळू भरून घेतात आणि दुसरीकडे नेऊन टाकतात. दगडाच्या पायथ्याशी छान खळगा केलाय. त्यांनाही ती जागा आवडली असावी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. डायरी ओली होती. आज क्रमाने लिहितो.

काल संध्याकाळी साडेसहाला डायना शेवटच्या मापाला आली होती. उद्या तिचं लग्न. सांडोरची मुलगी, पाच फूट उंच, आणि गाऊनच्या मागे सहा फूट लांब झालर. ती हॉलच्या मधे स्टुलावर उभी होती, झालर जमिनीवर पसरलेली, रिचेल तोंडात टाचण्या धरून खाली बसलेली. मापं घेताना पुरुषांनी बघायचं नसतं म्हणून मी पाठमोरा होऊन दाराची बिजागरी तपासत होतो. पप्पा अजून खालीच होते.

आधी "घप्प" असा आवाज आला. मग "टक्".

वळून बघितलं. दगड पुढे कलंडून पुढच्या काचेला टेकला होता. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत एक पांढरी रेघ गेली होती, आणि त्या रेघेतून पाण्याचा पातळ पडदा बाहेर येत होता. काळ्या-पिवळ्या पट्टीवरून पाणी सरळ झालरीकडे निघालं.

मी शिट्टी वाजवली. ते ठरलेलंच होतं. पण त्यानंतर काय, ते मला आठवेना. म्हणून पुन्हा वाजवली. रिचेलच्या तोंडात टाचण्या असल्यामुळे ती ओरडू शकत नव्हती. तिने झालर दोन्ही हातांनी गोळा करून डायनाच्या डोक्यावर टाकली. डायना आतून "आंटी, मला दिसत नाही" म्हणत स्टुलावर डुलत होती. मी तिसऱ्यांदा वाजवली.

पप्पा दोन-दोन पायऱ्या चढत आले. गुडघे गेलेला माणूस. दारातून एकदा बघितलं आणि स्वयंपाकघरात गेले. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला, रिचेलची कपड्यांची मोठी कात्री उचलली आणि कॅनचं तोंड कापून टाकलं. रिचेलने टाचण्या थुंकल्या. "पप्पा, माझी कात्री!"

"नंतर!"

आणि ते टँकमधलं पाणी उपसायला लागले. मी असं उपसणं कधी पाहिलेलं नाही. कमरेतून वळायचे, कॅन आत, कॅन बाहेर, एकही थेंब सांडत नव्हता. मी अजून तिथेच उभा होतो.

"नेल्सन! शिट्टी थुंक आनि बादली धर!"

धरली. दिनानाथ दोन बादल्या घेऊन धावत आले, मागे त्यांच्या पत्नी सुमेधाताई परात घेऊन. पप्पा उपसत, मी बादली सरकवत, दिनानाथ बाथरूममध्ये ओतत, आणि दर खेपेला येताजाता म्हणत, "मी बोललो होतो. मी बोललो होतो." सुमेधाताई शेवटी म्हणाल्या, "अहो, ओतता ओतता बोला." रिचेल डायनाला जशीच्या तशी कडेवर घेतल्यासारखी उचलून बेडरूममध्ये घेऊन गेली. कुठून ताकद आली कोण जाणे.

पाणी अर्ध्याखाली आल्यावर पप्पांनी दगडाच्या भोकात हात घातला, तो काचेपासून उचलून मागे झोपवला. दोन्ही ऑस्कर रिचेलच्या बिर्याणीच्या पातेल्यात गेले. काच शेवटपर्यंत फुटली नाही. चिरली, पण उभी राहिली.

मग आम्ही सगळे ओल्या जमिनीवर बसलो. सुमेधाताईंनी चहा केला. पप्पांना धाप लागली होती, आणि ते हसत होते. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"दगड उभा कोनी केला होता?" त्यांनी विचारलं. माहीत असून विचारलं.

"मी."

"का रे?"

"तुमचा होता म्हणून. नांगराचा. भोक दिसावं म्हणून."

पप्पांनी चहा खाली ठेवला. "नेल्सन, आपल्या होडीला तुझ्या जन्माच्या आधीपासून लोखंडी नांगर होता. हा कमळीचा बोकड बांधायचा दगड."

दिनानाथांनी तोंडातला चहा परत कपात सोडला.

"मग त्या दिवशी तुम्ही रडलात ते?"

"हसत होतो. तू समोर हात बांधून फादरसारखा उभा. काय करनार?"

मला फार राग आला. ओल्या पँटने जमिनीवर बसून राग नीट येत नाही, पण आला. मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलं? मी तुमच्यासाठी हे सगळं केलं. तुम्हाला समुद्राची आठवण येते म्हणून. माझ्यामुळे होडी विकावी लागली म्हणून."

हे शेवटचं वाक्य मी बोलणार नव्हतो.

बेडरूममधून रिचेलच्या शिवणयंत्राचा आवाज येत होता. पप्पांनी बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुझ्यामुळं? बावन्न वर्सं पानी बघितलं रे. मला कंटाळा आला होता. गिऱ्हाईक आलं त्या दिवशी मी कमळीच्या अंगनात नाचलो. विचार तिला."

"आणि मला कधी परत नेलं नाहीत ते?"

"तू ओकत होतास. पोराला रोज ओकवायला कोन नेल? मला वाटलं, बरं झालं, हा तरी सुटला." मग त्यांनी माझ्या ओल्या पाठीवर थापटलं. "तू एवढी धडपड करत होतास. पीठ काय, शिट्टी काय. मी म्हटलं, करू दे. पोराचं मन रमतंय."

हे वाक्य मी इथे लिहून ठेवतोय, कारण कालपासून त्याचा अर्थ लावतोय. मला वाटत होतं, मी त्यांचं मन रमवत होतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

डायनाचं लग्न लागलं. झालरीचं टोक मत्स्यालयाच्या पाण्यात भिजून हिरवट झालं होतं, म्हणून रिचेलने दीड फूट कापून टाकलं आणि नवी लेस लावली. डायना म्हणाली, "आता मी अडखळणार नाही, बरंच झालं." सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे, असं मी रिचेलला सांगितलं. ती माझ्याशी अजून बोलत नाही, त्यामुळे पप्पांकरवी उत्तर आलं, ते इथे लिहीत नाही.

मांडवात बँड सुरू झाल्यावर पप्पा नाचले. गुडघ्यांसकट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

विघ्नेश पुढची काच बदलायला आला. चिरलेल्या काचेवरून त्याने अंगठा फिरवला. "तळाला ओरखडासुद्धा नाही. उभा ठेवला होतात?"

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे."

रिचेल शिवता शिवता म्हणाली, "चौकशी संपली. त्यानेच ठेवला होता." पाच दिवसांनी ती माझ्याबद्दल का होईना, बोलली.

२२ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मी पप्पांना विचारलं. सरळ. हे आधी केलं असतं तर, वगैरे रिचेलने तोंडाने नाही, पण भुवईने म्हटलं.

"पप्पा, तुम्हाला खरंच काय बघायला आवडेल?"

त्यांनी बोंबलाचा काटा बाजूला ठेवला. विचार केला. मला वाटलं टीव्ही मोठा हवा म्हणतील.

"डोंगर," ते म्हणाले. "कोरडा. जिथं पान्याचा थेंब दिसनार नाय असा."

दिनानाथांना हे समजताच ते वर आले, या वेळी वही न घेता. "मग आमच्या माणला चला! पंधरा दिवस राहू. थेंब शोधून काढलात तर सांगा." आयुष्यभर बंधारे बांधलेल्या माणसाने आपल्या गावाबद्दल इतक्या अभिमानाने असं बोलावं, याचं मला आश्चर्य वाटलं.

१ मार्च, रविवार

पप्पा दिनानाथ आणि सुमेधाताईंबरोबर पहाटेच्या एसटीने गेले. पिशवीत गोळ्या, टोपी, सुके बोंबील. मी कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या: ऊन, साप, कडे. कागद टेबलावर राहिला.

मासे मजेत. दगड आडवा. हॉल मोठा वाटतो.

५ मार्च, गुरुवार

दिनानाथांनी फोटो पाठवला. उजाड माळ, दूरवर टेकड्या, गवतसुद्धा पिवळं. मधे एका मोठ्या खडकावर पप्पा उभे, दोन्ही हात पसरून, तोंड उघडं. ओरडत होते की हसत होते, फोटोत कळत नाही. मी फोटो मोठा करून बघितला. खडकाच्या कडेपासून त्यांचा पाय जेमतेम वीतभर. लगेच फोन लावला.

"पप्पा, त्या खडकावरून मागे व्हा."

"तो फोटो सकाळचा. आता मी खाटेवर हाय."

"बरं. बरं वाटतंय ना?"

"नेल्सन," ते म्हणाले. मागून वाऱ्याचा मोठा आवाज येत होता. "इथं काय पन नाय रे. नुसता दगड आनि वारा. तू ये की. इथं तू ओकनार नायस."

"बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. एकतीस वर्षांनी त्यांनी मला चल म्हटलं होतं.

६ मार्च, शुक्रवार

रजेचा अर्ज भरला. अकरा वर्षांत पहिलाच, त्यामुळे फॉर्म कुठे मिळतो तेही विचारावं लागलं. किती दिवस, कधीपासून, संपर्काचा पत्ता, सगळं भराभर लिहिलं. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. आधी 'वैयक्तिक' लिहिलं, खोडलं. 'प्रकृती' लिहिलं, तेही खोडलं.

शेवटी लिहिलं: वडिलांनी बोलावलं आहे.

मॅनेजरने वाचलं, वर बघितलं आणि विचारलं, "सगळं ठीक ना?"

"हो," मी म्हणालो, "डोंगर बघायला."